हात लावू नये

बी माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलली नाही. ती हाताकडे बघायची. गल्लीत नवी सून आली की आम्ही बायका तिचं नाक बघणार, रंग बघणार, गळ्यात काय घातलंय ते बघणार. बी बघणार मनगट. "बारीक आहे गं. त्रास काढेल," एवढं म्हणायची आणि परत सुपारी कातरायला लागायची. सून बिचारी लाजून आत पळायची.

नाव तिचं खैरूनबी. गंज पेठेतली आमची गल्ली. मुसलमानांची आठ-दहा घरं, बाकी आम्ही. सगळी हातावर पोट असलेली. माझा नवरा भुसार बाजारात हमाल, मी विड्या वळायची. बी आमच्या समोरच्या खोलीत राहायची, ती आणि तिची एकुलती एक पोर, नसीम. बीचा नवरा कधीचा गेला होता, तो मी पाहिलेला नाही. बी सुईण होती. गल्लीतलीच नाही, दोन पेठांतली अर्धी पोरं तिच्या हातावर झालेली. माझी तिन्ही तिनेच आणली.

मराठी आमच्यापेक्षा चोख बोलायची. चिडली की मात्र तिची भाषा यायची. "क्या गे, मरने की घाई है क्या?" असं बाळंतिणीला ओरडायची, आणि ती बाई तेवढ्यात हसायची. हसली की कळ सुसह्य होते म्हणे.

तिचं काम करायचं एक वेगळं होतं. ती बघायची नाही. बाईच्या अंगावर लुगडं तसंच ठेवायचं, हात खालून घालायचा आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसायचं. डोळे कधी मिटलेले, कधी उघडे, पण भिंतीवर. आत काय चाललंय ते सगळं बोटांना कळायचं. मी एकदा विचारलं, "बी, न बघता कसं गं कळतं?" तर म्हणाली, "डोळ्याने बघायचं ते बाजारात. वांगी, भेंडी. बाईला हाताने बघायचं."

त्या हातांची ती फार निगा राखायची. नखं पार मुळापर्यंत कापलेली. रोज रात्री तेल. हात लावायच्या आधी शेगडीवर धरायची, मग आपल्याच गालाला लावून बघायची, गार नाही ना. गल्लीत सगळे म्हणायचे, खैरूनबीचा हातगुणच वेगळा. तिलाही ते आवडायचं. कोणी म्हटलं की खोटं खोटं ओरडायची, पण दोन्ही हात मांडीवर असे उताणे ठेवायची, जसं काही कोणी ओवाळणारच आहे.

माझ्या पहिल्या वेळेला नवरा दारात येरझारा घालत होता. सारखा विचारायचा, झालं का, झालं का. बी आतूनच म्हणाली, "तुमचं काम केव्हाच झालं. आता पाणी तापवा." सगळी गल्ली हसली. नवरा नंतर वर्षभर तिच्यासमोरून मान खाली घालून जायचा.

आणखी एक सांगते. कोपऱ्यावर वाण्याचं घर होतं. त्यांची सून अडली. तेव्हा अशी रीत होती की बाई अडली तर घरातलं बांधलेलं, अडकलेलं सगळं मोकळं करायचं. वेण्या सोडायच्या, गाठी सोडायच्या, कुलपं उघडायची. बीने सांगितलं, सगळं उघडा. सगळं उघडलं, फक्त सासूने आपल्या कमरेची किल्ली काही काढली नाही. पेटी होती तिची, पितळी कुलूपवाली. बी भिंतीकडे बघत बसलेली, तिला दिसलं तर नाही, पण कसं कळलं कोण जाणे. म्हणाली, "काकू, त्या पोरीला सगळं उघड म्हणता आणि तुमची पेटी उघडताना तुमचा जीव जातो?" म्हातारी लालबुंद. पण उघडली. आत काय होतं, तर जुनी दोन जरीची लुगडी आणि वाळलेलं खोबरं. सून सुटली. बी जाताना त्या खोबऱ्याकडे बघून म्हणाली, "एवढ्यासाठी नातवाला अडकवून ठेवला होतात होय?"

माझा मधला मुलगा गोवराने गेला. तीन वर्षांचा होता. नवरा कामावर, घरात मी आणि धाकटी लता. बी आली. त्याला उचललं, पुसलं, कपड्यात गुंडाळलं. पुरुष माणसं आली न्यायला तरी देईना. म्हणाली, "मी आणला होता, मीच थोडा पोचवते." गल्लीच्या तोंडापर्यंत त्याला घेऊन गेली. तिथे त्यांच्या हातात दिला. परत आली तेव्हा हात तसेच होते, पुढे धरलेले, काहीतरी असल्यासारखे. मला चहा करून पाजला आणि विड्यांचं सूप पुढे सरकवलं. "वळ," म्हणाली. मी वळायला बसले. दुसरं काय करणार.

नसीम वाघोलीला दिली होती. तेव्हा वाघोली म्हणजे गाव, नगर रस्त्याला, सगळी शेतं. जावई सायकलवर यायचा. चांगला होता, कमी बोलणारा. नसीम पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. बीचा आनंद काय सांगू. कधी नाही ते गल्लीभर सांगत फिरली. स्वतःच्या नातवाला स्वतः आणणार.

कळा सकाळी सुरू झाल्या. दुपारपर्यंत काही नाही. मी पाणी तापवत होते, मला सगळं ऐकू येत होतं. जावई आला, दारातून म्हणाला, "अम्मा, दवाखान्यात नेऊ का? टांगा आणतो." बी म्हणाली, "पेठेतली पोरं या हाताने आली. माझी पोर मी परक्याच्या हातात देऊ?" तो दारातच उभा राहिला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. तेव्हा ती ओरडली, "मेरा हात मर गया क्या?"

मूल आडवं होतं. असली मुलं बीने पूर्वी फिरवली होती, पोटावरून तेल लावून, हळूहळू. हे फिरलं नाही. मग हात बाहेर आला. मुलाचा हात, कोपरापर्यंत. बी भिंतीकडे बघत होती. तिच्या हाताला तो हात लागला तेव्हा तिचं तोंड मी बघितलं. ते मी सांगत नाही.

टांगा आणला, नेलं. फार उशीर झाला होता. दोघंही गेली, नसीम आणि मूल. मुलगा होता.

त्यानंतर बीने कुणाला हात लावला नाही. लोक बोलायचे ते बोलायचेच, हातगुण गेला म्हणून. तोंडावर कोणी बोललं नाही, पण नळावर आवाज खाली गेला की कळतं. दोन बायका बोलवायला आल्या, तर बी म्हणाली, "माझे हात दुखतात." दुखत बिखत नव्हते. गोधड्या शिवायला लागली, त्यावर पोट भरायची. शिवताना हात बाहेर, शिवणं थांबलं की दोन्ही हात ओढणीच्या आत. उन्हाळ्यातसुद्धा. माझी लता तेव्हा चार वर्षांची, सारखी तिच्या अंगावर जायची. बी तिला गोष्टी सांगायची, ओरडायची, खाऊ खालून सरकवायची. उचलून मात्र कधी घेतली नाही.

जावयाने दुसरं लग्न केलं. ते बरोबरच होतं. ईदला यायचा, बाहेरच बसायचा. एकदा बीने त्याला विचारलं, माझ्यासमोर, "तुला काय वाटतं रे, माझ्या हाताने गेली?" तो म्हणाला, "अल्ला की मर्जी, अम्मा." बी म्हणाली, "मी अल्लाचं नाही विचारलं. हाताचं विचारलं." तो उठून गेला. अशी कितीतरी वर्षं गेली. ती मलाही विचारायची. मी म्हणायचे, बी, कुणाला माहीत. खरंच कुणाला माहीत होतं?

लता नववीत होती तेव्हाची गोष्ट. डॉक्टर शिकतात त्या कॉलेजात प्रदर्शन भरलं होतं, माणसाच्या शरीराचं. शाळेने पोरींना नेलं. लता घरी आली ती जेवेचना. म्हणाली, "आई, खरी माणसं आहेत गं. मेलेली. काचेत ठेवलीत. बाळं पण आहेत." मी म्हटलं, गप जेव. तर म्हणते, "एक बाळ पोटात आडवंच आहे, तसंच ठेवलंय पिशवीसकट."

बी दारात बसून गोधडीला टाके घालत होती. सुई थांबली. म्हणाली, "शांते, मला ने."

"बी, कशाला? असलं काय बघायचं?"

"कधी बघितलं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी गेलो. बीने धुतलेली पांढरी ओढणी घेतली, कुणाच्या मौतीला जाताना घेते ती. रांग होती. कॉलेजातली पोरं, सहलीला आल्यासारखी माणसं, एकजण शेंगा खात होता. आत गेल्यावर वास आला, डोळ्यांत कांदा चिरल्यासारखा. शेंगावाल्याने पुडी खिशात घातली.

पहिल्यांदा एक माणूस होता. उभा, अर्धा चिरलेला. एका बाजूने माणूस, दुसऱ्या बाजूने नुसतं आतलं. मिशी होती. बीने पहारेकऱ्याला विचारलं, "ह्याला माती कुणी दिली नाही?"

तो म्हणाला, "आजी, बेवारस असतात असे. कुणी कुणी मरायच्या आधी स्वतःहूनच देतात, शिकायला."

"म्हणजे हा मास्तर," बी म्हणाली, आणि त्या माणसाला सलाम करून पुढे गेली. मागची पोरं हसली. तिने वळून पाहिलं नाही.

पुढे काळजं होती, ओळीने. मग फुप्फुसं. एक पार काळं होतं, भाजलेल्या वांग्यासारखं. खाली लिहिलं होतं, विडी ओढणाऱ्याचं. मी विड्या वळणारी. बघितलं आणि पुढे गेले.

बायकांचं दालन वेगळं होतं. तिथे बरण्यांत बाळं होती, एक महिन्याचं, दोन महिन्यांचं, अशी चढत्या क्रमाने मांडलेली. बी तिथे फार वेळ उभी राहिली. आयुष्य या कामात गेलं तिचं, आणि आतलं कधी बघितलेलं नव्हतं. प्रत्येक बरणीपुढे डोळे मिटायची, बोटं ओढणीच्या आत हलवायची, मग डोळे उघडून बघायची. मला म्हणाली, "हाताला माहीत होतं गं. डोळ्याला आज कळतंय."

शेवटी ते होतं. मोठी काचेची पेटी, त्यात बाईच्या पोटातली पिशवी, पुढून कापलेली. बाई नव्हती, तिचं तोंड नाही, हात नाहीत, काही नाही. नुसती पिशवी, आणि आत मूल आडवं, नाल्यात ओंडका अडकावा तसं. पांढरं, भिजलेल्या साबणासारखं. आणि खालून त्याचा हात बाहेर आलेला. बोटं मिटलेली. नखंसुद्धा होती.

बीचा श्वास मला ऐकू येत होता. ती म्हणाली, "काय लिहिलंय? वाच."

मी चौथी शिकलेली. अक्षराला अक्षर लावून वाचते, कुठे थांबायचं ते मला कळत नाही. मी वाचलं, "आडवे मूल. हात बाहेर आलेला. हात लावू नये."

बी म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं, तसंच, एका दमात.

ती खाली फरशीवर बसली. लोक वळून बघायला लागले. "असं आहे होय," म्हणाली. "लिहून ठेवलंय. असा हात आला तर हात लावू नये. आणि मी लावला. मी आत घातला हात, शांते."

मला पहिल्यांदा कळेचना ती काय म्हणते. मग लक्षात आलं. मी म्हटलं, "अगं बी, ते तसं नाही! ती पाटी काचेसाठी आहे. लोक हात लावतात ना काचेला. सगळ्या पेट्यांवर तेच लिहिलंय."

"तू माझ्या मनाचं वाचतेस आता."

"चल, दाखवते." तिला उठवून मी परत फुप्फुसाकडे नेलं. "बघ, इथे पण. हात लावू नये."

तिने पाटीकडे बघितलं. "मला काय कळतंय? मुंग्याच त्या. तू म्हणशील ते लिहिलेलं."

तिथे एक डॉक्टरीण होती, शिकणारी, पांढऱ्या कोटातली. लोकांना समजावून सांगत होती. वय असेल नसीमएवढं, म्हणजे नसीम गेली तेव्हाचं. बी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिच्या हातांकडे बघत. म्हणाली, "बेटी, त्या आडव्या मुलाचं सांग. सुईणीने आत हात घातला म्हणून मेलं का?"

ती पोरगी गोंधळली. मग आमच्याबरोबर पेटीपाशी आली. म्हणाली, "नाही आजी. हात बाहेर आल्यावर आतून मूल फिरत नाही. घातला काय, नाही घातला काय. तिथे कुणाच्याच हातात काही राहत नाही."

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच. घरी तरी नाही."

बीने मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटली एकदाची. मी तिचा दंड धरला, चल म्हणून. पण ती हलेना.

"आणि दवाखान्यात आणली असती तर? दुपारच्या आत?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार होते? ती हळू म्हणाली, "पोट कापून काढतात, आजी. लवकर आणली तर बाई वाचते. बऱ्याचदा मूल पण."

बी किती वेळ त्या मुलाच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे हात नव्हे. जीभ."

डॉक्टरणीला काही कळलं नाही. बीने तिच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा हात उचलला, अर्ध्यात थांबवला आणि ओढणीत घातला. बाहेर आल्यावर आवारात नळ होता. तिथे तिने हात धुतले. कशाला हात लावला नव्हता, तरी कोपरापर्यंत धुतले. मी ओढणीचं टोक धरून उभी होते. घराशी आल्यावर ती म्हणाली, "शांते, पाटी काचेचीच होती ना?"

"हो गं बी."

"असू दे. माझ्यासाठी पण चालेल."

तेव्हापासून ती गल्लीतल्या प्रत्येक पोटुशीच्या मागे लागली. "दवाखान्यात नाव घातलं का?" सकाळी भेटली की हेच, संध्याकाळी हेच. बायका वैतागायच्या. सासवांशी भांडायची. एक सासू म्हणाली, "आमची नाही का झाली घरात सहा-सहा?" बी म्हणाली, "झाली ना. त्यातलं एक हे तुमचे चिरंजीव. बघा काय उजेड पाडलाय." आणि सुनेला म्हणाली, "नवरा नसला बरोबर तरी चालेल, नाव घातलेलं पाहिजे." बायकांबरोबर स्वतः जायची, दवाखान्याच्या पायरीवर दिवसभर बसून राहायची. आत जायची नाही.

माझा नवरा तोवर गेला होता, ओझ्याखाली पाठ मोडून. लता बाळंतपणाला आली. नऊ महिने भरत आले होते. एक दिवस बी तिच्याकडे बघत बसली, मग म्हणाली, "लते, तुझा हात ठेव पोटावर. माझा नाही, तुझा. उजवीकडे काय लागतंय?"

"टणक."

"डावीकडे?"

"तिथेपण टणक."

"खाली, ओटीपोटात?"

"मोकळं वाटतं गं बी."

बी माझ्याकडे न बघता म्हणाली, "रिक्षा आण."

"अगं, अजून दिवस आहेत तिचे."

"मी दिवस विचारले का? रिक्षा आण."

पोट कापलं. मुलगी झाली, दोघी जगल्या. घरी आणल्यावर मी ती पोर बीच्या पुढे धरली. म्हटलं, घे गं, तुझ्यामुळे आहे. तिने दोन्ही हात ओढणीत आणखी आत घेतले. वाकून पोरीच्या कपाळावर फुंकर घातली, दुवा म्हणून काहीतरी पुटपुटली. "घे ना," मी म्हटलं. तशी कोरडी हसली. "पाटी आहे," म्हणाली.

पुढे तिला दिसेना. वांगी-भेंडीसुद्धा दिसेनात. भाच्याने तिला मिरजेला न्यायचं ठरवलं. तिची खोली रिकामी झाली तरी गल्लीतल्या कुणाच्या तोंडून नको जाऊ असं आलं नाही. मीसुद्धा म्हणाले नाही. म्हणून उपयोग काय, सांभाळणार कोण होतं? मला माझंच होत नव्हतं. आता मी थोरल्या मुलाकडे विश्रांतवाडीत राहते, तेव्हा तेही नव्हतं.

निघाली त्या सकाळी गल्लीत रिक्षा उभी. ती मागे बसली, गाठोडं शेजारी, ती पांढरी ओढणी डोक्यावरून. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांची पोरं आली, काही पोरं तिच्याच हातची, मिशा फुटलेली. सगळे नमस्कार करत होते, तिला कुठे दिसत होतं. लताची मुलगी चार वर्षांची झाली होती. ती रिक्षाला लागून पळायला लागली. "बी, टाटा कर! बी, हात कर ना! हात कर!"

बी आत तशीच बसलेली. रिक्षा निघाली. मला वाटलं, नाही करणार ती. पोर रडकुंडीला येऊन ओरडत होती, हात कर, हात कर.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळायला लागली. तिथेच, जिथे तिने माझ्या मधल्याला पोचवलं होतं. तेव्हा बाजूने हात बाहेर आला. बी दिसत नव्हती, तोंड नाही, ओढणी नाही. नुसता हात, कोपरापर्यंत.